वाचकांचे प्रश्न : टू-स्ट्रोक एटीव्हीसाठी स्वस्तातला एक्झॉस्ट पाइप

या वेळी सोलापूर शहर आणि परिसरातून आलेली पाच पत्रे एकाच विषयाभोवतीची असल्याने ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या पत्रांतले बरेच प्रश्न त्यातूनच निघतात.

प्रश्न : होटगी रस्त्यालगतच्या शेतावर आम्ही कृषी पर्यटन केंद्र चालवतो. पुण्याजवळच्या एका बंद पडलेल्या साहसी खेळांच्या केंद्राकडून यामाहा ब्लास्टर ही जुनी टू-स्ट्रोक एटीव्ही (माळरानावर, शेतात चालवायची चार चाकांची उघडी गाडी) आम्ही विकत घेतली. तिचा मूळ एक्झॉस्ट पाइप पोटाकडून गंजून फुटला आहे आणि एक ब्रॅकेटही तुटली आहे. आमच्यापुढे तीन पर्याय आहेत : परदेशी संकेतस्थळावरचा बिननावाचा नवा पाइप, अमेरिकी कंपनीचा जुना आणि थोडा पोचा गेलेला पाइप, किंवा अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या कारागिराकडून बनवून घेतलेला पाइप. सगळा खर्च पंधरा हजारांत बसवायचा आहे. काय घ्यावे?

उत्तर : ब्लास्टर ही १९५ सीसीची, एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी आणि सहा गिअरची गाडी १९८८ ते २००६ या काळात तयार होत होती. उत्पादन थांबून इतकी वर्षे झाल्यामुळे तिचा पाइप घेताना जुना, बाहेरच्या कंपनीचा किंवा घडवून घेतलेला एवढेच मार्ग उरतात, आणि आपण ते तिन्ही नेमके मांडले आहेत. परंतु चौथा मार्ग आपल्या पत्रात नाही, तो म्हणजे आहे तोच पाइप दुरुस्त करणे. माझा कल, पत्रावरून तरी, तिकडेच अधिक आहे. त्याची कारणे सांगायची तर हा पाइप नेमके काय काम करतो, इथून सुरुवात करावी लागेल.

टू-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्टला व्हॉल्व्ह नसतो. पिस्टन खाली जाताना आधी एक्झॉस्टचे तोंड उघडते, मग ट्रान्सफरची, म्हणजे नवे मिश्रण सिलिंडरमध्ये आणणारी, तोंडे उघडतात, आणि काही काळ दोन्ही एकाच वेळी उघडी राहतात. या वेळात जळालेला वायू बाहेर जात असतो आणि त्याच्या पाठोपाठ नवे मिश्रणही बाहेर निसटू पाहते. एक्झॉस्ट उघडताना उठलेली दाबाची लाट पाइपातून पुढे धावते. पाइप जिथे रुंदावत जातो तिथून ती ओढ घेणारी लाट होऊन परत येते आणि सिलिंडर रिकामा करायला मदत करते. पुढे पोटानंतर, म्हणजे सर्वांत फुगीर भागानंतर, पाइप जिथे निमुळता होत जातो त्या उलट्या कोनावर आदळून ती दाबाच्या रूपात परतते आणि निसटलेले मिश्रण पिस्टनने तोंड बंद करण्याआधी पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पंपासारखे हे काम कोणताही भाग न हलता केवळ आकारातून होते, म्हणूनच या पाइपाचा आकार हा त्याचा एक सुटा भागच समजावा लागतो. हे तंत्र पन्नाशीच्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी शास्त्रशुद्ध पातळीवर नेले, आणि १९६१ साली त्यांचा रेसर अर्न्स्ट डेगनर पळून सुझुकीकडे गेल्यावर ते जपानी कारखान्यांच्या हाती पडले. आपल्या ब्लास्टरच्या पाइपातही तोच हिशोब आहे.

ही लाट वेळेवर परतायला हवी, आणि वेळ ठरते ती इंजिनाच्या फेऱ्यांवरून. समजा, एक्झॉस्टचे तोंड क्रँकच्या १८० अंशांपर्यंत उघडे राहते आणि आपल्याला जोर मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर हवा आहे. तेवढे अंश फिरायला इंजिनाला साधारण ४.३ मिलिसेकंद लागतात. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५१८ मीटर धरला, तर एवढ्या वेळात लाट जाऊन येऊन सव्वादोन मीटरांच्या आसपास अंतर कापते, म्हणजे पिस्टनच्या तोंडापासून उलट्या कोनापर्यंतची लांबी १.१ मीटर भरते. हाच जोर ८,५०० फेऱ्यांवर हवा असेल तर लांबी सुमारे ०.९१ मीटरवर येते. वीस सेंटिमीटरांच्या या फरकात ‘शर्यतीचा पाइप’ आणि ‘शेताचा पाइप’ यांच्यातले सगळे अंतर सामावलेले आहे. जाहिरातीत ‘ताकद वाढते’ एवढेच लिहिलेले असते, ती कोणत्या फेऱ्यांवर वाढते आणि कोणत्या फेऱ्यांवर कमी होते हे क्वचितच लिहिलेले असते.

आपल्या केंद्रावर येणारा पाहुणा पहिल्यांदाच एटीव्हीवर बसलेला असतो. तो काळ्या मातीच्या बांधावरून, ऊस किंवा ज्वारीच्या वावराच्या कडेने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश जाणार. त्याला खालच्या आणि मधल्या फेऱ्यांवर सरळ ओढ हवी, वरच्या फेऱ्यांवर अचानक उसळणारी ताकद नव्हे. ती उसळी अनुभवी माणसाला मजेची वाटते, नवख्याला मात्र ती सीटवरून मागे फेकू शकते. म्हणून आपल्या कामाला मूळ पाइपाचा स्वभावच योग्य आहे, आणि त्याच्याशी मिळताजुळता, खालच्या ओढीचा पाइप हा दुसरा पर्याय.

आता दुरुस्तीबद्दल. पाइप काढून टेबलावर ठेवा, तोंडातून टॉर्च मारा आणि आतला काळा थर पाहा. मग गंजलेल्या भागाभोवती छोट्या हातोडीने हलके ठोकत जा. खणखणीत आवाज येतो तिथपर्यंत पत्रा शाबूत आहे, आवाज बसका झाला की तिथून तो खालून पोकळ झालेला आहे. पोटाच्या खालच्या बाजूस हातभर नव्हे तर पंज्याएवढा भाग खराब असेल, तर तो कापून १.२ मिमीच्या सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे मुलामा नसलेल्या साध्या पोलादी) पत्र्याचे वळवलेले थिगळ आर्गॉन वेल्डिंगने बसवता येते. आकार जवळजवळ तोच राहतो, खर्च पाइपाच्या किमतीच्या छोट्या हिश्श्यात भागतो. मात्र गंज जर उलट्या कोनावर किंवा सिलिंडरजवळच्या गळ्याकडे पसरला असेल, तर दुरुस्तीचा नाद सोडावा.

दुसरा पर्याय, पोचा गेलेला नामांकित पाइप. एफएमएफ, डीजी यांच्यासारख्या कंपन्यांनी या गाडीसाठी पाइप बनवले, आणि जुन्या बाजारात ते अजून फिरतात. पोचा कुठे आहे, यावर सगळे अवलंबून आहे. मोठ्या पोटावर उथळ पोचा असेल तर घनफळात पडणारा फरक नगण्य असतो, त्यासाठी किंमत पाडून मागावी आणि बिनधास्त घ्यावा. गळ्याच्या वळणावर किंवा रुंदावणाऱ्या कोनावर खोल पोचा असेल तर लाटेचे गणित बिघडते. आणि अगदी शेवटच्या बारीक नळीवर, जिला कारागीर ‘शेपटी’ म्हणतात, तिथे पोचा असेल तर तो पाइप फुकट मिळाला तरी घेऊ नये. त्या नळीचा व्यास साधारणपणे गळ्याच्या व्यासाच्या ०.५८ ते ०.६२ पट ठेवलेला असतो, म्हणजे गळा ३८ मिमी असेल तर शेपटी २२ ते २३.५ मिमी. ती दबून अरुंद झाली की पाइपात उष्णता आणि दाब कोंडतो, आणि त्याची किंमत पिस्टनच्या डोक्याला भोक पडून मोजावी लागते. जाता जाता व्हर्निअर कॅलिपर खिशात ठेवून पाइप पाहायला जावे, विक्रेत्याला राग आला तर येऊ द्यावा.

तिसरा पर्याय एमआयडीसीतल्या कारागिराचा. सोलापुरात पत्र्याचे काम करणारे हात चांगले आहेत आणि यामाहा आरएक्स १०० या मोटरसायकलचे चेंबर (असेच फुगीर एक्झॉस्ट पाइप) बनवण्याचा सरावही अनेकांना आहे. त्यामुळे हा पर्याय मी परदेशी बिननावाच्या पाइपाच्या वर ठेवतो, पण तीन अटींवर. एक, कारागिराने अंदाजाने काम न करता आपल्या मूळ पाइपाची मापे घेऊन, प्रत्येक कोनाचा पुठ्ठ्याचा नमुना आधी कापून काम करावे. काही मूळ पाइपांत दुहेरी पत्रा असतो किंवा शेपटीची नळी पोटात आतपर्यंत शिरलेली असते, त्यामुळे जुना पाइप उभा चिरून आतली रचना पाहिल्याशिवाय मापे पूर्ण होत नाहीत. दोन, पत्रा साधा सीआर असावा, जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा चालणार नाही. त्यावर वेल्डिंग करताना उठणारा जस्ताचा धूर कारागिराला ताप आणतो आणि टाकाही पोकळ बसतो. तीन, गळ्यातला टाका आतून सपाट असावा. आत लोंबलेला वेल्डिंगचा गोळा बाहेरून दिसत नाही. बोट घालून आतली कड फिरवली की तो लगेच लागतो.

बिननावाच्या नव्या पाइपाला मी शेवटी ठेवले, कारण स्वस्त पाइपात चमक सगळ्यात आधी येते. क्रोमच्या मुलाम्याखाली किती जाडीचा पत्रा आहे हे चित्रावरून कळत नाही, ब्रॅकेट गाडीच्या छिद्रांशी जुळत नाहीत, आणि मग त्या ओढूनताणून नट घट्ट केल्यावर पहिल्याच महिन्यात वेल्डिंगजवळ तडा जातो. वस्तू परत पाठवण्याचा खर्च वस्तूएवढा असतो, शिवाय वाहतूक आणि आयात शुल्क धरल्यावर जाहिरातीतली किंमत मुळात स्वस्त राहतच नाही.

पंधरा हजारांचे काय करायचे, तर पाइपावर नऊ-दहा हजारांच्या वर जाऊ नका. उरलेल्यातून एक्झॉस्टचे नवे पॅकिंग किंवा ओ-रिंग, नव्या स्प्रिंगा, रबरी बुश, चारपाच मेन जेट (कार्बोरेटरमधून किती पेट्रोल जाईल हे ठरवणारे बारीक छिद्राचे सुटे भाग) आणि दोन नवे प्लग घ्यायचे आहेत. कित्येक कंपन्या पाइप आणि मागचा सायलेन्सर वेगवेगळे विकतात, तेव्हा मागवण्याआधी आपल्या सायलेन्सरचे तोंड त्या शेपटीवर बसते का, हेही विचारून घ्या, नाहीतर निम्मेच सामान हाती येईल. शिवाय पाइप ज्या बाजूने वर येतो तिथे पायाला लागणार नाही अशी जाळीची ढाल बसवा. अर्ध्या चड्डीत बसलेल्या पाहुण्याची पोटरी भाजली, तर पाइपाची सगळी चर्चा दवाखान्यात संपेल.

प्रश्न : आमच्या गॅरेजमध्ये आरएक्स १०० चे दोन चांगले चेंबर पडून आहेत. ते ब्लास्टरसारख्या गाडीला थोडी जोडणी करून बसतील का?

उत्तर : बसतील, आणि गाडी निकामी वाटावी इतकी वाईट चालेल. आरएक्स १०० चे इंजिन ९८ सीसीचे आहे, ब्लास्टरचे १९५ सीसीचे. पोटाचे घनफळ, गळ्याचा व्यास, शेपटीचा व्यास हे सगळे निम्म्या इंजिनाच्या हिशोबाचे. त्यातही शेपटीचा व्यास सगळ्यात धोक्याचा, याचे कारण वरच्या उत्तरात आले आहे. ते चेंबर आरएक्सवाल्यांना विका, आणि विकताना त्यांना एवढे जरूर सांगा की रस्त्यावरच्या गाडीत मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि आवाजाचे प्रमाण मोडल्यास कलम १९०(२) खाली दंड होतो.

प्रश्न : विजापूर रस्त्यावर राहतो. माझ्या टू-स्ट्रोक एटीव्हीला मे महिन्यात बाजारातला चेंबर पाइप बसवला. मेकॅनिकने मेन जेट बदलून प्लग कॉफीच्या रंगाचा करून दिला. सहा महिने गाडी छान चालली आणि डिसेंबरमध्ये सकाळी फार्मवर चालवताना पिस्टन जाम झाला. मेकॅनिक म्हणतो, तेल खराब होते. हे खरे आहे का?

उत्तर : तेल खराब असू शकते, पण आपण दिलेल्या तपशिलात दोन अधिक संशयित उघड दिसतात, आणि मी आधी त्यांना धरीन.

पहिला, हवामान. मे महिन्यातल्या दुपारी सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर असतो, डिसेंबरच्या पहाटे तो १५-१६ अंशांवर येतो. थंड हवा दाट असते, आणि एवढ्या फरकाने तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. कार्बोरेटरला हे कळत नाही. मे महिन्यात जेमतेम पुरणारे पेट्रोल डिसेंबरमध्ये कमी पडते, मिश्रण पातळ होते, ज्वलन तापते आणि पिस्टन फुगतो. ज्या शहरात उन्हाळा आणि हिवाळा यांत इतके अंतर आहे तिथे जेट हिवाळ्याच्या सकाळी निश्चित करावा, उन्हाळ्यात थोडा धूर जास्त झाला तरी चालेल. आपल्या मेकॅनिकने नेमके उलट केले, आणि तेही मूळ पाइपापेक्षा अधिक वायू खेचणाऱ्या पाइपावर. पाइप बदलला की मेन जेट मोठा करावा लागतो, हे त्याला ठाऊक होते, पण त्याने ऋतू धरला नाही.

याच्या जोडीला पेट्रोल आहे. पंपावर मिळणारे २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल पूर्ण जळायला शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. परदेशी पुस्तिकांत छापलेले जेटचे आकडे जुन्या पेट्रोलचे आहेत, ते जसेच्या तसे इथे लावणे धोक्याचे. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढते, त्यामुळे पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटरचा कप आणि टाकी दोन्ही रिकाम्या करा. तेल मिसळलेले पेट्रोल महिनोन् महिने डब्यात ठेवून वापरण्याची सवयही सोडा.

दुसरा संशयित अगदी वेगळा आहे. सिलिंडर उघडल्यावर पिस्टनवरचे ओरखडे कुठे आहेत, हे नीट पाहा. ते एक्झॉस्टच्या बाजूला एका जागी लांबट असतील आणि पिस्टनचे डोके भाजल्यासारखे दिसत असेल, तर मिश्रण पातळ होते असे समजावे. परंतु पिस्टनच्या घेरावर चार ठिकाणी, जणू चार कोपऱ्यांवर, उभ्या पट्ट्या दिसत असतील तर गाडी गरम व्हायच्या आतच पिळली गेली आहे. ॲल्युमिनियमचा पिस्टन लवकर फुगतो, सिलिंडर मागून तापतो, आणि थंड सकाळी त्या मधल्या मिनिटा-दोन मिनिटांतच तो पकडतो. अशा वेळी जेट, तेल, पाइप यांपैकी कशालाही दोष देण्यात अर्थ नाही. गाडी सुरू करून सिलिंडरच्या पंखांना हात लावल्यावर चांगली ऊब जाणवेपर्यंत ती सावकाश चालवायची, एवढाच इलाज.

दुरुस्तीनंतर जेट पुन्हा लावताना आधी हवेची गळती तपासा, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला रबर, रीडचा (मिश्रण आत सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या झडपेचा) ठोकळा, क्रँकचे सील या जागांवर, इंजिन मंद चालू असताना, थोडे कार्ब क्लीनर फवारा. फेऱ्या बदलल्या तर तिथून हवा आत जाते आहे. चांगला मेकॅनिक इंजिनाची तोंडे बंद करून आत ६ पीएसआय हवा भरतो आणि सहा मिनिटे ती टिकते का पाहतो. सोलापुरात हे करणारे गॅरेज मिळाले तर ते धरून ठेवा.

मग दोन-तीन पायऱ्या मोठा मेन जेट घालून सुरुवात करा. पूर्ण एक्सलेटरवर इंजिन फडफडत, अडखळत चालले म्हणजे पेट्रोल जास्त आहे. तिथून एकेक पायरी खाली या, फडफड थांबून आवाज स्वच्छ झाला की एक पायरी पुन्हा वर जा आणि तिथेच थांबा. खात्रीसाठी नवा प्लग लावून, गरम झालेल्या गाडीला मोकळ्या सरळ मैदानात चौथ्या गिअरमध्ये पूर्ण एक्सलेटरवर काही सेकंद पळवा, मग क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करा आणि प्लग काढा. मंद चालवत घरी आणून मग प्लग पाहिला तर तो मंद चालण्याचा रंग दाखवतो, मेन जेटचा नव्हे. रंग वरच्या टोकाला पाहू नका, पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी तळाशी, आतल्या कडेला जी रेघ दिसते ती पाहा. तिथे पूर्ण पांढरे असेल तर जेट वाढवा.

एअर फिल्टरबद्दल एक शब्द. अनेक जण पाइपाबरोबर एअर बॉक्सचे झाकण काढून टाकतात, म्हणजे मिश्रण आणखी पातळ होते आणि आपल्याकडची भुकटीसारखी काळी माती थेट फिल्टरवर बसते. शेतावर चालणाऱ्या गाडीचे झाकण जागेवरच राहू द्या आणि फोमच्या फिल्टरला फिल्टरचे तेल लावत जा.

प्रश्न : सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर आम्ही लहान मुलांसाठी ४९ सीसीच्या चार छोट्या टू-स्ट्रोक एटीव्ही चालवतो. गाड्यांचा दम गेला आहे. ऑनलाइन मिळणारे ‘रेसिंग’ पाइप लावले तर सुधारणा होईल का?

उत्तर : लावू नका. या गाड्यांना गिअर नसतात, केंद्रोत्सारी क्लच असतो, आणि तो ठरावीक फेऱ्यांवर आपोआप पकडतो. रेसिंगचा पाइप ताकद वरच्या फेऱ्यांवर नेतो, म्हणजे क्लच पकडतो त्या वेळी इंजिनात दम नसतो आणि नंतर तो अचानक येतो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात अशी गाडी देणे बरे नाही.

दम जाण्याचे कारण बहुधा पाइपातच आहे, पण त्याच्या आकारात नव्हे, तर त्याच्या आत. यात्रेच्या दिवसांत या गाड्या तासन् तास मंद गतीने गोल फिरतात, तेल पूर्ण जळत नाही आणि पाइपात डांबरासारखा काळा चिकटा साचतो. जोडाच्या फटीतून तो ठिबकताना आपण पाहिला असेलच. पाइप पोलादी असेल तर तो काढून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन वाळवा. हातमोजे आणि चष्मा अनिवार्य, सोडा पाण्यात हळूहळू टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही. ॲल्युमिनियमचा कोणताही भाग त्यात जाता कामा नये, तो विरघळतो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतो. एक्झॉस्टच्या तोंडाशी जमलेला कार्बन मात्र पिस्टन खाली नेऊन लाकडी पट्टीने खरवडावा.

पुढे तेल बदला. जाडे, स्वस्त तेल अंदाजाने ओतण्याऐवजी जासो या जपानी मानकाच्या एफडी दर्जाचे टू-स्ट्रोक तेल गाडीच्या पुस्तिकेतल्या प्रमाणात मोजून घाला. पुस्तिकेत २५ : १ लिहिले असेल तर एका लिटरला ४० मिली होतात. एफडी तेलाचा धूर आणि साका दोन्ही कमी असतात, आणि मैदानात बाजूला उभ्या असलेल्या आईवडिलांच्या डोळ्यांनाही ते बरे.

प्रश्न : नान्नजजवळच्या आमच्या माळरानावर मुले सुट्टीत एटीव्ही चालवतात. नवा पाइप लावल्यापासून आवाज एवढा वाढला की शेजारच्या वस्तीवरून तक्रारी येतात. पाइप न बदलता आवाज कमी होईल का?

उत्तर : होईल, कारण आवाज बहुधा पुढच्या चेंबरचा नसून मागच्या सायलेन्सरचा आहे. त्याच्या आत छिद्रे पाडलेली नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंचे भरण असते. टू-स्ट्रोकच्या तेलाने ते भिजते, मग जळते आणि हळूहळू मागच्या तोंडातून उडून जाते, राहते ती रिकामी डबी. मागचे रिव्हेट ड्रिलने काढा, आतली नळी ओढून बाहेर घ्या, तिची छिद्रे तारेच्या ब्रशने मोकळी करा आणि तिच्याभोवती सायलेन्सरचे काचतंतू घट्ट, पण दाबून गच्च होणार नाहीत असे गुंडाळून पुन्हा रिव्हेट मारा. घराच्या छताखाली घालतात ती साधी ग्लासवुल लवकर जळते, ती वापरू नका. काम करताना तोंडाला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. वापर नियमित असेल तर हे भरण दर हंगामाला बदलावे लागेल. पाइप आणि सायलेन्सर यांच्या जोडावरचा रबरही पाहा, तो फाटला असेल तर निम्मा आवाज तिथूनच येत असतो.

तक्रार करणाऱ्यांची बाजूही कायद्याची आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आपण नान्नजचे नाव घेतले म्हणून आणखी एक सांगतो. तिथले माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले. माळढोक आता तिथे दुर्मीळ झाला असला तरी काळवीट आणि लांडगे त्याच माळावर आहेत, आणि तिथला माळ अनेक ठिकाणी खासगी शेतांना कुंपणाशिवाय लागून आहे. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय वाहन नेणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो, मग त्याचा सायलेन्सर कितीही शांत असो. आपल्या गटाची हद्द कुठे संपते, हे तलाठ्याकडून आणि वन विभागाच्या नान्नज येथील कार्यालयातून नकाशावर पाहून घ्या, आणि मुलांसाठी त्या बाजूला रंगवलेले दगड लावून ठेवा. शेतातून शेतात जाताना मध्ये सार्वजनिक रस्ता लागत असेल, तर नोंदणी नसलेली एटीव्ही त्यावरून चालवता येत नाही. ती ट्रॉलीवर चढवूनच पलीकडे न्यावी लागेल.